चवीचे तुकडे

बेकरीत मैद्याची पोती तोलायचा मोठा काटा असतो ना, त्याच्यावर गोण्या रोज सकाळी स्वतः चढायचा. गोण्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ऐन विशीत दोन-दोन गोण्या खांद्यावर टाकून जिना चढायचा, म्हणून ताईने ते पाडलं. चाळिशीला आला तोवर त्याचं पोट बघून अख्ख्या गल्लीला ते पटलं होतं!

ताई त्याची थोरली बहीण. आईवडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची आणि हा सहाचा. तिने हाताने पीठ मळून बेकरी चालवली, ह्याला भट्टीशेजारी पोत्यांवर निजवलं, धंदा शिकवला, लग्न लावून दिलं. आणि आता तिची दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गोण्याचं मूत्रपिंड तिला जुळत होतं, बाकी सगळ्या तपासण्यांत तो पास होता, पण डॉक्टरांनी नेमकं वजनावर बोट ठेवलं. ‘‘नव्वदच्या आत या, मगच मी हात लावेन. आणि फार रेंगाळू नका, त्यांच्या अंगात आता ताकद उरलेली नाही.’’

एकशे आठ होता गडी. त्याच दिवशी पाव बंद, भात बंद, साखर बंद. तीन-चार महिन्यांत तेरा किलो उतरले, गल्लीने तोंडात बोटं घातली. आणि पंच्याण्णववर काटा जो अडला तो अडलाच. एक आठवडा नाही, दोन नाही, चांगले सहा! ह्या शहाण्याने काय करावं? होतं ते जेवणही अर्धं केलं. पोटात कावळे ओरडायला लागले, घेरी यायला लागली, गिऱ्हाइकांवर खेकसायला लागला, आणि एका सकाळी पावांचा भरलेला ट्रे हातातून सुटून जमिनीवर आला. काटा मात्र ढिम्म.

‘‘अहो, उपाशी मरून कोणी कुणाला मूत्रपिंड देत नाही,’’ बायको म्हणाली आणि त्याला जवळजवळ ओढतच हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली.

चणीने एवढ्याशा त्या बाई. त्यांनी खाण्याचं विचारायच्या आधी कामाचं विचारलं. सोमवार, बुधवार, शनिवार कँटीनच्या ऑर्डरी. मळायचं मशीन लहान, म्हणून त्या दिवशी निम्मं पीठ हाताने. बाकीचे दिवस काउंटरवर बसून.

‘‘मग ते तीन दिवस खा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पाव, भात, बटाटे. मोजून, पण खा. बाकीचे चार दिवस ते कमी, अंडी, कडधान्यं आणि भाज्या जास्त. ह्याला कार्ब सायकलिंग म्हणतात. जादू नाही हं ही, शेवटी अख्ख्या आठवड्यात किती खाल्लंत तेच बघायचं. पण तुमच्यासारखा दमलेला माणूस अशाने तग धरतो.’’

गोण्याला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. ‘‘मॅडम, इतके महिने मी पाव खाल्लेला नाही, तरी वजन हलत नाही. आणि तुम्ही खा म्हणता?’’

‘‘एक घाससुद्धा नाही?’’

‘‘शप्पथ!’’

बायको खोकली. ‘‘आणि ती चव घेता ती?’’

‘‘अगं, चव म्हणजे काय खाणं झालं का!’’

भट्टीतून घाणा निघाला की त्यातल्या एका पावाचा कोपरा मोडून तोंडात टाकायचा, ही वीस वर्षांची सवय. त्याशिवाय पाव आतून भाजलाय की नाही कळायचं कसं? बाईंनी वाद घातला नाही. एक डबा आणायला सांगितला. उद्या दिवसभर मोडलेला प्रत्येक तुकडा तोंडाऐवजी त्यात टाकायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारीच डब्याचं झाकण लागेना. सगळे तुकडे तोलले तर अडीच पावांचं वजन भरलं! गोण्याने कपाळावर हात मारून घेतला. तिकडे ताई दंडात सुया टोचून घेत होती आणि इकडे आपण चवी घेत होतो, ह्या विचाराने त्याला तोंड दाखवायची लाज वाटली. तरी संध्याकाळी जाऊन त्याने तिला सगळं सांगितलं, रडत रडत.

ताई हसून हसून बेजार झाली. ‘‘अरे गोण्या, मी तुला काय शिकवलं होतं? पाव उलटा करायचा, बुडाशी बोटाने ठोकायचं आणि ऐकायचं. पोकळ वाजला तर भाजला. आळशी मेला!’’

डायलिसिस नसेल त्या दिवशी ती येऊन स्टुलावर बसायला लागली. पाव ती ठोकायची, गोण्याचे हात तिच्या धाकाने तोंडापासून लांब. सोमवार आला तसे त्याने दोन स्लाइस समोर घेतले आणि त्याचे डोळेच भरून आले. मंगळवारी सकाळी काट्यावर चढला तर शहाण्णव!

‘‘मेलो!’’ तो ओरडला. बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, भरपेट खाल्लं की अंगात पाणी धरतं, आठवड्यातून एकदाच वजन करा. ताईने भावजयीकडून, म्हणजे गोण्याच्याच बायकोकडून, काट्यावर मैद्याचं पोतं ठेववलं. ‘‘शुक्रवारपर्यंत हे हललं तर याद राख!’’

शुक्रवारी साडेचौऱ्याण्णव. मग एखादा आठवडा काहीच नाही, एखाद्या आठवड्यात पाऊण किलो. बाराव्या शुक्रवारी एकोणनव्वद आणि वर सहाशे ग्रॅम. डॉक्टर हसलेबिसले नाहीत. त्यांनी तारीख लिहिली.

ऑपरेशनला आता चार महिने झाले. दर सोमवारच्या पहिल्या घाण्यातला एक पाव आहारतज्ज्ञ बाईंकडे जातो. ‘‘आज माझा खायचा दिवस नाही,’’ त्या म्हणतात, आणि खातात. गोण्या त्यांना हात जोडतो, दर वेळी, आणि त्या दर वेळी संकोचतात.

ताई अजून स्टुलावर बसते. चेहऱ्यावर रंग आलाय, जिभेला तर दुप्पट धार आलीय. परवा तिने पाव ठोकला, कान देऊन ऐकला आणि मग स्वतःच कोपरा मोडला.

‘‘आज वार कोणता?’’

‘‘बुधवार.’’

‘‘मग आ कर.’’ तिने तुकडा त्याच्या तोंडात घातला. ‘‘सहा वर्षांचा होतास ना, तेव्हा अस्साच भरवायचे तुला.’’

गोण्याने तो तुकडा सावकाश चावला. ‘‘तेव्हा भरवलंस ताई, म्हणून तर आज तुला द्यायला माझ्याकडे काही होतं.’’

ताईने पुढचा पाव उलटा केला, पण बराच वेळ तिने तो ठोकला नाही.