क्रँक घासून मिळेल

बोईसरला आमचं क्रँक ग्राइंडिंगचं, म्हणजे इंजिनातला क्रँक घासून द्यायचं छोटं दुकान आहे. मशीनखालची मळी रोज काढून टाकता येते, गिऱ्हाइकांचे किस्से मात्र साचतच जातात.

मशीन सुरेश चालवतो. अंगाने काडी, तोंडाने तिखट. नवख्याला तो क्रँक सायकलवर समजावतो. "पाय वर-खाली, पेडल गोल. पाय म्हणजे पिस्टनचा रॉड, ज्या पिनेवर पेडल फिरतं ती क्रँकपिन." झिजलेली पिन आम्ही घासून गुळगुळीत करतो, मग बारीक झालेल्या पिनेवर जाड बेअरिंग बसतं. एका टेम्पोवाल्याला हे पटेना.

"घिसके थोड़ी मोटी कर दो ना."

"भैया, ऐसा होता तो पहले मैं चढ़ता मशीन पे."

*

मोटरसायकलच्या क्रँकला दोन चकत्या असतात, मधली पिन दाबून बसवलेली. ती बदलायला क्रँक प्रेसखाली उघडावाच लागतो. पालघरचा एक कॉलेजकुमार हट्टाने बघत उभा होता. पिन सुटल्याबरोबर त्याने फोन लावला, "आई, यांनी गाडीचे दोन तुकडे केले."

पलीकडून आवाज आला, "बरं झालं. आता अभ्यासाला बस."

*

एका गॅरेजवाल्याचा कॉम्प्रेसर आला. दोन सिलिंडर, पण दोघांचे रॉड एकाच पिनवर.

"भांडत नाहीत?" त्याने विचारलं.

"तेल मिळतंय तोवर नाही," सुरेश म्हणाला.

गॅरेजवाला म्हणाला, "माझे दोन मुलगे एकाच गल्ल्यावर बसतात. त्यांना कुठलं घालू?"

*

चिंचणीच्या हिराकाकींची मासेमारीची बोट आहे. आम्ही क्रँक घासून दिला आणि ऐन बोटी निघायच्या तोंडावर त्यांचं इंजिन जाम झालं. काकी क्रँक घेऊन दारात हजर.

"सगल्यांच्या बोटी जातील, माजी एकटीची किनाऱ्याला राहील."

मी पिन मोजून पाहिली. पिन आणखी एकदाच घासता येणार होती, नंतर क्रँक भंगारात. नवा वेळेत मिळणारही नव्हता. पिनेला तेल यायचं बारीक भोक असतं, त्यात सुरेशने तार घातली. आतून लाल चिखल निघाला.

"काकी, क्रँकची पूजा केलीत?"

"केली ना. पिनवरच, चांगलं मूठभर कुंकू घालून. पोट हाय आमचं त्याच्यावर."

कुंकवाने भोक बुजलं, तेल अडलं आणि कोरडी पिन ओरखडून जाम झाली. पिन पुन्हा घासेपर्यंत मी मशीनजवळून हललो नाही. ओरखडे गेले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

क्रँक न्यायला काकी आल्या, त्या पुन्हा कुंकवाची डबी घेऊनच. आम्ही दोघेही क्रँकसमोर वाट अडवून उभे राहिलो. काकींनी कुंकवाची चिमूट घेतली, सुरेशला नीट निरखलं आणि मला विचारलं,

"याच्या कपालाला भोक नाय ना?"