बार, तीन आकडे, ऊठ

फाल्गुन शुद्ध दशमी, लढाईचे तिसरे वर्ष. सकाळी सात वाजता, नदीपल्याडच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर हजर: तपासणीला आलेले साहेब, त्यांचे कारकून; तालुक्याच्या पहाऱ्याचा जमादार म्हणून मी; जुने शिपाई पाच, उमेदवार शिपाई एक; निशाणाखालच्या खंदकात, गोळी कुठे लागली ते दाखवायला झेंडा घेऊन बसलेला माणूस एक. गैरहजर कोणी नाही.

उमेदवार काठी गावाच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरचा भिल्ल होता. वय तिशीचे, घरी बायको आणि दोन मुली. शिपाई होण्याआधी तो पावसाळा संपला की गुजरातेत लाकूडतोडीला जात असे. लढाईमुळे माणसे कमी पडली म्हणून त्याला घेतले होते, वर्षभराच्या बोलीवर. शेवटी चांदमारीत पाच बारांतले तीन निशाणाच्या मधल्या काळ्या ठिपक्यात गेले की नोकरी कायम. नाही तर त्याच दिवशी पट्टा खाली आणि पोलीस लाइनीतली खोलीही रिकामी. हे त्याला ठाऊक होते, त्याच्या बायकोला तर जास्तच.

तीरकमठ्यावर त्याचा हात असा होता की पळता ससा सुटत नसे. मस्केट मात्र त्याला वश होईना. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या चुका वहीत मांडल्या. एक, बाराच्या आवाजाने डोळे मिटतो. दोन, चाप दाबत नाही, हिसकतो. तीन, बार होताच मान वर करतो.

पहिल्या दोन चुकांवर चिंचोका लागू पडला. रिकाम्या मस्केटीच्या नळीवर चिंचोका ठेवायचा आणि तो न पाडता चाप दाबायचा, रोज शंभर वेळा. महिन्याभरात चिंचोका हलायचा थांबला. तिसरी चूक जाईना. तीर कुठे गेला ते मारणाऱ्याला दिसते, गोळी दिसत नाही. न दिसलेल्या गोळीने त्याचा जीव वर-खाली व्हायचा आणि मान आपोआप उचलली जायची.

त्यावर उपाय माझाच. बार झाला की मान खाली ठेवून तीन आकडे मोजायचे. मग मस्केट जमिनीवर ठेवून उठायचे, निशाणापर्यंत चालत जायचे, भोकात बोट घालून पाहायचे, परत येऊन मला सांगायचे. मी वहीत टिंब काढीन.

तो पहिल्यांदाच मोकळा हसला. "आमच्यात बी असंच, दादा. ज्याचा तीर, त्यानंच आणायचा."

मला तर हे सगळ्या बाजूंनी सोयीचे वाटले. खंदकात माणूस बसवायला नको, आणि नेम कुठे चुकला ते त्याला स्वतःच्या बोटाने कळते. लढाईमुळे काडतुसे मोजकी होती. माझ्या वाटणीचीही त्याला दिली. दिवसाला एकच बार. वहीतली टिंबे हळूहळू मधोमध सरकू लागली. इतकी चांगली वही माझ्या हातून पुन्हा झाली नाही.

रनाळ्याचा एक जुना शिपाई होता. तो एकदा म्हणाला, "जमादार, एक दिन पाची बार लागोपाठ करू द्या ना तेले."

"काडतुसं काय तुन्हा बाप दी?" मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला आणि विषय संपला.

तपासणीच्या सकाळी सहा जण ओळीने पालथे पडले. साहेबांनी हुकूम दिला. हुकूम एकच, आणि त्यावर पाचही बार करायचे होते. पहिले सहा बार जवळजवळ एकदमच झाले. बाकीचे दुसरे काडतूस भरू लागले. माझ्या उमेदवाराने मान खाली ठेवली, तीन आकडे मोजले, मस्केट हळूच जमिनीवर ठेवली, उठला आणि निशाणाकडे चालू लागला.

रनाळ्याचा शिपाई त्याच्या शेजारीच होता. त्याने नळी मातीत दाबली आणि कुठे निघालास म्हणून ओरडला, "ओ, कथा चालना? थांब!" पलीकडच्याने तोवर चाप दाबला होता. गोळी उमेदवारापासून चार हातांवरून गेली. साहेबांनी शिट्टी फुंकली. कोणीतरी म्हणाले, "तीर लेवाले चालना भाऊ," आणि एक-दोघे हसले.

तो मध्यावर उभा राहिला आणि वळून माझ्याकडे पाहू लागला. पुढे जाऊ की परत येऊ, एवढेच तो विचारत होता.

साहेब माझ्याजवळ आले. "याला कोणी शिकवलं?"

"मी, साहेब."

"आणि हे असं चालत जायला?"

वही माझ्या काखेत होती. "नाही, साहेब. यांची ही रानातली सवय. किती सांगितलं तरी जात नाही."

"मग असा माणूस बंदुकीजवळ नको," साहेब म्हणाले. कारकुनांनी ते लिहून घेतले. तोवर तो परत येऊन आमच्यापासून दोन पावलांवर उभा होता. इतके मराठी त्याला समजत होते.

दुपारी त्याने सामान जमा केले. पट्टा, पगडी, सदरे दोन, घोंगडी एक. मी यादीशी ताडून पाहिले, काही कमी नव्हते. जाताना त्याने विचारले, "दादा, कुठं लागली?"

निशाणाचा कागद मी पाहिला होता. "मधोमध," मी म्हणालो.

"मग झालं," तो म्हणाला. थोरली मुलगी गाठोडे घेऊन पुढे निघाली होती.

त्यानंतर किती जणांना चिंचोक्यावर शिकवले, पण त्यात माझा जीव नव्हता. कोणाचा नेम सुधारला की मला आनंद होत नाही, धास्ती वाटते. माझी नीट आखलेली पद्धत आणखी कोणाच्या अंगात काय मुरवते आहे ते मला दिसत नाही, आणि ते शोधायची उमेदही नाही. दोन वर्षांनी रनाळ्याच्या शिपायाला तो उमेदवार खांडबाऱ्याच्या स्टेशनावर भेटला. लाकूडतोडीच्या टोळीबरोबर गाडीची वाट पाहत होता. त्याने जमादार बरे आहेत का म्हणून विचारले, असे शिपायाने मला सांगितले.

तपासणीच्या त्या संध्याकाळी मी पाच कामे लिहून काढली होती. मस्केटी साफ करून घेणे. रिकामी काडतुसे मोजून परत पाठवणे. लाइनीतल्या खोलीला कुलूप लावणे. नव्या उमेदवारासाठी वर कळवणे. साहेबांना लिहिणे, की चालत जायला त्याला मीच शिकवले.

पहिली चार त्याच आठवड्यात झाली. पाचवे दर वर्षी नव्या वहीत उतरवतो. साहेबांची दोनदा बदली झाली, दोन्ही वेळा मी नवा पत्ता मिळवला. पत्र लिहायचे राहिले आहे.