झंड्याकडं पाठ करून

आमच्या घरचे वर्षभर रस्त्यानं पळून राहिले होते, अन् साऱ्या पांढुर्ण्याले वाटलं झंड्यासाठीच. मलेही तेच वाटलं. हे गुणवंता म्हणजे मंडीत संत्र्याचे खोके ठोकणारा माणूस. दिवसभर खिळे अन् हातोडी, तोंडात शब्द नाही. पण पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला, जाम नदीच्या मधात पळसाचं झाड गाडून त्याले झंडा बांधला, ढोल वाजला, का हा माणूस माहा राहत नव्हता. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, दोन्हीकडून गोटे; जो झाड तोडून झंडा नेईल त्याच्या बाजूची जीत. झाड तोडायले कुऱ्हाड घेऊन पाण्यात शिरणाऱ्यांत हे पहिले.

शहाऐंशीच्या गोटमारीत यांच्या नडगीवर गोटा बसला. दुसरा कोणी असता तं दवाखान्यात गेला असता. आमच्या इथं तसं नाही. चंडीमातेची विभूती लावली, वरून चिंधी बांधली अन् पुन्हा पाण्यात गेले. तडकलेलं हाड त्या दुसऱ्या फेरीत पुरतं मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरनं मले बाहेर बोलावलं अन् सांगतलं, "बाई, आता जुळून जाईल. पण याच जागी पुन्हा लागलं तं पाय कामाचा राहणार नाही." पाय नाही तं उकिडवं बसणं नाही, अन् उकिडवं बसणं नाही तं खोके ठोकणं नाही. मी यांच्या तोंडावर सांगतलं, "आता नदीत उतरले तं मी सौंसरले मायजवळ चालली जाईन, परत येणार नाही." हे "हो" म्हणाले. त्यांच्या "हो"चं वजन मले माहीत होतं.

कारण त्याच्या आधी एकदा मी यांना पोळ्याच्याच दिवशी सौंसरले घेऊन गेली होती. म्हटलं, माणूस नदीपासून दहा कोस दूर राहिला म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी माह्या मायनं, कलाबाईनं, जावई आले म्हणून पुऱ्या तळल्या. हे पाटावर बसले, उठले, "हात धुवून येतो" म्हणाले अन् चौकातल्या ट्रकवर चढले. दुपारी नदीत. मायनं झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी गाईले घातलं.

तं प्लास्टर निघालं अन् हे लंगडत लंगडत सौंसरच्या रस्त्यानं जाऊ लागले. आधी काठी घेऊन. मंग काठी सुटली. संक्रांतीच्या सुमारास तं चक्क पळू लागले. डोक्याले मफलर, पायात कोणाचे तरी उतरलेले कापडी बूट, अंगठा बाहेर. मी म्हणो, "कोणतं कुत्रं मागं लागलं तुमच्या?" हे म्हणत, "दम वाढवून राहिलो." कधी गुडघे फोडून येत, कधी पोटऱ्यात गोळे येऊन वसरीत लोळत, अन् सकाळी पुन्हा तेच. जित्याची खोड म्हणतात ना, तशी. बगीचेवाले संत्र्याच्या झाडाखालून विचारत, "गुणवंता, रेल्वेसंगं शर्यत लावली का?" उन्हाळा लागेपर्यंत त्यांचं हे विचारणं बंद झालं. नुसते पाहत राहत.

श्रावणात नत्थूजी घरी आले. हे आमच्या बाजूचे जुने खिलाडी, त्यांच्या शब्दावर पोट्टे नदीत उतरत. त्यांनी चहा पेला अन् यांच्या पोटऱ्या दाबून पाह्यल्या, बैल विकत घेताना पाहतात तशा.

"सूनबाई, यंदा झंडा आपला," ते म्हणाले. "हा असा पळते, सावरगावचा गोटा याले शिवतच नाही."

मी कप उचलता उचलता आपटला. 'नाही' म्हणाचं सोडून यांनी दुसरी पोटरी पुढं केली. म्हणून मी माही पेटी भरून ठेवली. रडू येत होतं, पण रडली नाही. रागच तेवढा होता.

सत्त्याऐंशीचा पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजून राहिला होता. नत्थूजी चार पोट्टे घेऊन दारात. हे बुटाची नाडी बांधत होते. नाडी करकचून ओढली. मले हळूच म्हणाले, "तू मोटरीनं सौंसरले ये." अन् निघाले. कोपऱ्यावर डावीकडं नदी, उजवीकडं सौंसर. हे उजवीकडं वळले. पोट्टे ओरडले, "गुणवंताभाऊ, नदी इकडं." कोणी बांगड्या भराचंही बोललं. यांनी मान वळवली नाही.

मले वाटलं, काही तरी डाव आहे. गावाले वळसा घालून नदीवर जातील. तरी पेटी घेऊन मी मोटरीत बसली. खिडकीतून पाहत राहिली. पऱ्हाटीचं वावर गेलं, बगीचे गेले, शिंगाले रंग लावलेले बैल गेले, हे दिसले नाहीत. मले वाटलं, गेलेच नदीत. अन् मंग एका लांब चढावावर दिसले. सदरा अंगाले चिकटलेला, मोडलेला पाय थोडा फाकून पडत होता, पण पडत होता. कंडक्टर म्हणाला, "ये आदमी कहाँ से आ रहा है?" मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून मागं पाहत राहिली. झंड्याकडं पाठ करून जाणारा माणूस मी आपल्या घरात पाह्यला नव्हता. मोटर पुढं निघून गेली.

दुपार कलल्यावर ते मायच्या ओट्यावर येऊन पडले. मायनं पायावर पाणी ओतलं. तेवढ्यात चौकात खोक्याचा ट्रक थांबला. ओळखीचा डायवर होता. त्यानं हाक मारली, "चलता का गुणवंता? झंडा अजून उभा आहे, आताच आयकलं."

हे उठायले गेले. खरंच गेले. हात भिंतीले लावला, जोर केला. पाय उठले नाहीत. ट्रक निघून गेला अन् हे खाली बसून हसायले लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी.

"मी तुले सांगतलं नाही," ते म्हणाले. "मले माहीत होतं, ढोल वाजला का मी थांबत नाही. बसनं आणलं तं ट्रकनं जातो. म्हणून वर्षभर एवढंच शिकलो, का इतकं दूर पळाचं, का परत जायले पायच राहू नये."

मायनं पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती दिला.

"पण हे काही खरं थांबणं नाही," ते म्हणाले. "यंदा पायांनी थांबवलं. आता उद्यापासून वेगळं शिकाचं. पुढच्या पोळ्याले इथं येईन तं पायात दम शिल्लक ठेवून येईन. ट्रक येईल, पाय म्हणतील चाल, अन् मी बसून राहीन."

"अन् त्याच्या पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"त्या वर्षी कुठंच पळणार नाही. घरी राहीन. ढोल आयकत तुह्या हातचा चहा पिईन."

मायसमोर नवऱ्याले हात लावाची आमच्यात पद्धत नव्हती. मी ते सुजलेले पाय मांडीवर घेतले अन् तेल लावाले बसली. माय पाहून राहिली होती. पाहू दे म्हटलं.