अवे मॅचचा डबा

आमच्या लेकीची टीम कायम हरायची, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणाला आशा नको. एनस्खेडेच्या युनिव्हर्सिटीतल्या मुलींची बास्केटबॉल टीम, त्यात आमची लेक सगळ्यांत बुटकी, आणि समोरच्या टीममधली एकेक मुलगी अशी उंच, की तिने हात वर केले की आमच्या बाईसाहेबांना बास्केट दिसायचंच बंद. तरी गेला अख्खा सीझन मी आणि माझा नवरा फेल्डहोवनच्या आमच्या घरून गाडी काढून त्यांच्या अवे मॅचेस बघायला जात होतो. डेल्फ्ट, वाखेनिंगन, नाइमेखन, मास्ट्रिख्त, शेवटी ख्रोनिंगन. एनस्खेडेला व्हायच्या त्या होम मॅचेसना मात्र एकदाही गेलो नाही. एनस्खेडेची आम्हाला बंदी आहे.

झालं असं, की पहिल्या वर्षी लेकीचे पेपर राहिले. इथल्या डच युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षात ठरावीक क्रेडिट मिळाले नाहीत तर कोर्स सोडावा लागतो. फोनवर ती धड काही सांगेना. माझा नवरा चिप बनवायच्या मशीनवर काम करतो. कुठे एरर आली की मूळ कारण सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही. शिवाय तो पुण्याचा. त्याच्या कॉलेजात पोराचं काही बिनसलं की बाप इस्त्रीचा शर्ट घालून एचओडींना भेटायला जायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. तर या गृहस्थाने मला न सांगता सुट्टी टाकली, काजूकतलीचा बॉक्स घेतला आणि थेट जाऊन लेकीच्या स्टडी ॲडव्हायझरसमोर बसला. त्या बाईंनी त्याला कॉफी दिली, बॉक्स हळूच परत सरकवला आणि म्हणाल्या, तुमची मुलगी सज्ञान आहे, तिच्याबद्दल मी तुमच्याशी काहीच बोलू शकत नाही. मग त्यांनी लेकीला कळवलं, की तुझे वडील येऊन गेले.

अहो, पोर इथे वाढलेली. इथे सोळा वर्षांच्या मुलाला डॉक्टर आधी विचारतो, आईबाबांना बाहेर बसवू का म्हणून. तिला ते किती लागलं असेल ते मला लगेच कळलं, त्याला अजून पुरतं कळलेलं नाही. तिने फोन केला, दोघांनाही स्पीकरवर घेतलं आणि अगदी थंड आवाजात इंग्रजीत सांगितलं, तुम्ही एनस्खेडेला पुन्हा पाऊल टाकायचं नाही. मीही घरी येणार नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पेपर तिने नंतर तिचे तिनेच सोडवले. आम्हाला एका ओळीचा मेसेज आला. माझ्याशी ती बोलते, कामापुरतं. बापाशी एक शब्द नाही. त्याने माफीची ईमेल पाठवली, तीही मुद्दे एक, दोन, तीन अशी. मी म्हटलं, "अरे, लेकीला लिहितोयस की व्हेंडरला?" त्या ईमेलला लेकीचं उत्तर आलं नाहीच. गणपतीला आली नाही, दिवाळीला आली नाही. घराची किल्ली होती तिच्याकडे. ती एनस्खेडेला राहायला गेली तेव्हा यानेच सुपरमार्केटशेजारच्या चपला दुरुस्त करणाऱ्याकडून, इथे किल्ल्याही तोच करतो, नवी करून आणली होती, आणि मी त्या किल्लीला लाल लोकरीचा गोंडा विणून लावला होता. कधीही ये, बेल वाजवायची गरज नाही, असं म्हणून दिली होती. दिवाळीत चार दिवस दाराशी जरा खुट्ट झालं की हा उठून बघायचा.

मग एका रविवारी चहा पिता पिता तो म्हणाला, "ती एनस्खेडेला येऊ नका म्हणालीये. डेल्फ्टला येऊ नका असं कुठे म्हणालीये?"

लूपहोल! टीमचं वेळापत्रक वेबसाइटवर सगळ्यांना दिसतं, ते त्याने उघडूनच ठेवलं होतं. मी त्याला वेड्यात काढलं. आणि त्याच संध्याकाळी बेसन भाजायला घेतलं.

डेल्फ्टच्या त्या हॉलमध्ये आम्ही दोघं धरून सात-आठ प्रेक्षक होते. कुणाचा तरी बॉयफ्रेंड, कुणाचं तरी ओलं कुत्रं. आईबाप म्हणाल तर फक्त आम्हीच. इथे युनिव्हर्सिटीतल्या मुलीच्या मॅचला आईबाप येत नाहीत, पाच वर्षांची असते तेव्हा येतात. लेकीने वॉर्मअप करताना वर बघितलं, आम्ही दिसलो, आणि तिच्या हातातला बॉल निसटला. मला वाटलं, संपलं, आता येऊन हाकलून देणार. पण ती खेळली. हरली. हा मठ्ठ प्रत्येक वेळी तिच्या हातात बॉल आला की "शाब्बास!" म्हणून ओरडत होता, नेम चुकला तरी शाब्बास.

मॅच संपल्यावर मी बूट काढले, कारण त्या फरशीवर बाहेरचे बूट चालत नाहीत, आणि मोज्यांवर चालत जाऊन लाडवांचा स्टीलचा डबा त्यांच्या बाकावर ठेवला. पोरी तुटून पडल्या. लेक माझ्याकडे बघून "थँक्स, आई" एवढंच म्हणाली. कपडे बदलून आल्यावर तिने डबा परत दिला. तो धुतलेला होता आणि आत काळ्या खारट ड्रॉपच्या चार गोळ्या होत्या, त्या इथल्या, ज्या आम्हा दोघांनाही आवडत नाहीत.

गाडीत हा नुसता उड्या मारायचा बाकी होता. "रिकामा नाही दिला! बघितलंस?"

आमच्या घरात डबा रिकामा परत जात नाही. शेजारच्या डच आजीबाई सूप पाठवायच्या तेव्हाही मी त्यांच्या भांड्यात निदान साखर घालून लेकीच्या हाती पाठवायचे. लहानपणी ती सारखी विचारायची, "आई, आज आत काय?" तेव्हा सवय होती हो ती, दुसरं काय. मी त्याला म्हटलं, "फार अर्थ काढत बसू नकोस." पण त्याने त्यातली एक गोळी तोंडात टाकली आणि तोंड वाकडं न करता संपवली.

परतताना रायस्वाइकला एका मराठी मित्राच्या घरी जेवायला थांबलो. मित्राच्या बायकोने साहजिकच विचारलं, "लेकीला नाही आणलंत?" तर हा झटकन म्हणाला, "टीमबरोबर गेली ना, सगळ्यांची ट्रेनची तिकिटं होती." इतकं सराईत खोटं बोलला, की मीच घाईघाईने आणखी आमटी मागितली.

मग तेच सुरू झालं. वाखेनिंगनला डब्यात एक संत्रं आलं. नाइमेखनला अर्धं स्ट्रोपवाफल, ते इथलं पाक भरलेलं बिस्किट, कागदात गुंडाळून. मास्ट्रिख्तला नुसत्या दोन साखरेच्या पुड्या, कॅन्टीनमधल्या. हा प्रत्येक वस्तूचा अभ्यास करायचा. संत्रं म्हणजे बाबांना सर्दी झालेली तिला दिसली. साखर म्हणजे गोड मानून घ्या. मी त्याला झापायचे. अरे, बॅगेत हाताला लागेल ते टाकते पोरगी. तिने एकदा तरी तुझ्याकडे बघितलंय का? तर म्हणायचा, "डावीकडून लेअप मारताना मान वर असते तिची." मान वर असते कारण बास्केट वर असतं! डोकं फिरायचं माझं. पण पुढच्या शनिवारी परत बेसन भाजायलाही मीच उभी राहायचे, हेही खरं आहे.

एप्रिलमध्ये ख्रोनिंगनची मॅच होती, सीझनची शेवटची. रविवारी सकाळी निघालो. तीन तास सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना गाई आणि पवनचक्क्या. वाटेत हा एकच वाक्य पाठ करत होता. मॅचनंतर तो या वेळी स्वतः खाली जाणार होता आणि "छान खेळलीस" म्हणणार होता. बाकी काही नाही, कॉलेजचा विषय नाही, माफी नाही. "चालेल ना एवढं?" त्याने मला तीनदा तरी विचारलं. मी म्हटलं, चालेल.

ती छान खेळलीही, कधी नव्हे ते. टीम हरलीच, पण शेवटी शेवटी तिने लांबून एक टाकला आणि तो आत गेला. हा उभा राहून ओरडला, आवाज फाटला त्याचा. मॅच संपल्यावर आम्ही दोघं बूट काढून मोज्यांवर फरशीच्या कडेकडेने गेलो. लेकीने त्याला येताना बघितलं. टॉवेल तोंडावर घेतला आणि चेंजिंग रूममध्ये निघून गेली. हा हातात बूट घेऊन तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, "मी गाडी पुढे आणतो," आणि गेला.

माझा इतका संताप झाला, की तिच्या मागे जाऊन दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. कुणावर चिडायचं हेच मला कळेना. ती केस पुसत बाहेर आली, डबा माझ्या हातात दिला आणि इंग्रजीत म्हणाली, पुढच्या वर्षी मी खेळणार नाहीये, आई. मी विचारलं, "म्हणजे?" म्हणजे काय, म्हणजे खेळणार नाही, ती म्हणाली. मला सगळं कळलं. लूपहोल बंद. मी काही बोलणार तेवढ्यात तिने डब्यावर बोट टेकवलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "रिकामा नाहीये." मग मला घट्ट मिठी मारली आणि पळाली.

गाडीत बसल्यावर डबा खुळखुळला. याने झाकण काढलं. आत एक किल्ली होती, नुसती. सोबत काही नाही.

"मराठीत म्हणाली?" त्याने विचारलं. "नक्की मराठीत?"

ती पुढे खेळणार नाही, हे तो ऐकायलाच तयार नव्हता. त्याच्या डोक्यात झरझर सगळं जुळलं. ही तिच्या खोलीची किल्ली. मॅचेस बंद, म्हणून आता खोलीवर या. तोंडाने सांगणार नाही, माझ्यावर गेलीये. बंदी उठली! गाडी चालवताना तो मधूनच डॅशबोर्डवरच्या किल्लीला हात लावून बघायचा. जाताना कुकर न्यायचा का, तिच्याकडे धड पातेलंही नसेल. फोन करून जायचं, बरं का, न सांगता मुळीच जायचं नाही, तेवढं मी शिकलोय. कॉफीला थांबलो तेव्हा त्याने किल्ली खिशात घालून आत आणली. किती महिन्यांनी तो असा बोलत होता. आणि मीही, खोटं कशाला बोलू, झ्वोल गाव मागे पडल्यावर मीही मनात कुकरमध्ये डाळ-तांदूळ धुऊन ठेवले होते.

पण किल्ली नवीकोरी चकचकीत होती. फारशी न वापरलेली.

घराच्या दाराशी आलो तेव्हा अजून चांगला उजेड होता. मी पर्समध्ये माझी किल्ली शोधता शोधता शेवटी म्हटलंच, "अरे, ही आपलीच असली तर?"

"काहीही काय बोलतेस," तो चिडून म्हणाला. "आपलीला लाल गोंडा होता. थांब, दाखवतोच तुला. लागणारच नाही." आणि त्याने ती कुलपात घातली.

किल्ली फिरली. दार उघडलं.

त्याने परत बंद केलं, परत फिरवली. परत उघडलं. आत आमच्या चपलांचं स्टँड, तिचा जुना रेनकोट, सगळं जिथल्या तिथे. त्याने किल्ली काढून उलटसुलट करून बघितली.

मग म्हणाला, "गोंडा नाहीये पण. गोंडा ठेवून घेतला असेल तिने."

सबंध सीझनभर मी त्याचा एकही अर्थ मान्य केला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "ठेवला असेल."