शिशाचा डबा

भंगारवाल्या शांताबाईंच्या दुकानात रद्दी उडू नये म्हणून गठ्ठ्यावर शिशाचा एक जड डबा ठेवलेला दिसला. त्यावर किरणोत्साराचं पुसट चिन्ह होतं आणि खाली रंगाने लिहिलेला क्रमांक. अक्षर माझं होतं.

मी इस्पितळाच्या भांडारात नोकरीला होतो. कॅन्सरवरचं जुनं यंत्र मोडीत निघालं, तेव्हा त्यातला हा डबा मी मागच्या खोलीत सरकवला. निवृत्त होताना नव्या माणसाला किल्ली दिली. आत काय आहे ते सांगायचं राहून गेलं.

विस्तव चटका देतो, नासलेलं दूध वासाने कळतं. या वस्तूला ना ऊब, ना वास. तिच्याबद्दल माणसानेच बोलावं लागतं, आणि माणसं घरी निघून जातात.

मी फोन केला. तपासणीची माणसं आली आणि त्यांचं मोजयंत्र टकटकत सुटलं.

“कुणाचा डबा हा?”

“काय ठाऊक, साहेब,” शांताबाई म्हणाल्या. “वर्ष झालं, रोज त्याच्याशेजारीच बसते मी.”

सगळे डब्याकडे बघत होते. मीही बघत राहिलो, जणू उत्तर दुसरंच कुणी देणार होतं.