मागचं दार

श्रीरामपूरजवळच्या एका वृद्धाश्रमात मी मेट्रन होते. इमारत म्हणजे कुणा इंग्रज साहेबाचा जुना बंगला. दुरुस्तीला नेहमी एकच गवंडी यायचा. कामाला हात घालण्याआधी तो बोटांच्या पेरांनी भिंत वाजवायचा, कान लावायचा आणि कुरकुरायचा, "राहनार सायेब-मडम दोघंच, अन् छत देवळाएवढं. लई माज, बाई!"

पुढच्या पोर्चला पाच उंच दगडी पायऱ्या होत्या. म्हाताऱ्यांना त्या चढवत नसत. कमिटीने ठरवलं, पोर्चची शोभा बिघडवायची नाही. मागच्या न्हाणीघराच्या दाराला उतार करायचा आणि सगळ्यांची ने-आण तिथून करायची. मला संताप आला, तरी मी ठरावाच्या कागदावर सही केली.

ते बुटकं दार गवंड्याने वाजवलं नाही. नुसता बघत उभा राहिला.

"माजी आई मैला उचलायला ह्याच दारानं यायची. पुढनं यायची बंदी हुती. आता म्हाताऱ्यांनीबी हितनंच यायचं व्हय?"

मी सही केलेला कागद त्याच्यापुढे धरला. त्याची मला अजून लाज वाटते.

नंतर आठवडाभर तो पुढच्या बाजूला काम करत होता. मी रोज पाहत होते, एका शब्दाने हटकलं नाही. कमिटीचे अध्यक्ष आले तेव्हा पायऱ्यांची निम्मी रुंदी शहाबादी फरशीच्या उताराखाली गेली होती.

"कुणाला विचारून केलंस हे?" ते गवंड्यावर ओरडले.

"मला विचारून," मी म्हणाले, आणि चाकाच्या खुर्चीतल्या आजींना घेऊन पुढच्या दाराकडे निघाले.