आम्हाला कुठं माहीत होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. थॅलेसेमियाचा दोष माझ्या रक्तात आहे, हे मला लग्नाआधीच माहीत होतं.

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आम्ही मुलं एकमेकांचंच रक्त वापरायचो. माझा नमुना वेगळा निघाला. सरांनी बाजूला घेतलं. म्हणाले, तू वाहक आहेस. तुला काही होणार नाही, पण लग्न ठरवताना मुलीचं रक्त तपासून घे. मी मान हलवली.

पुढं गंगापूरला मुलगी बघायला गेलो. पोह्यांची बशी पुढं करत तिच्या वडिलांनी विचारलं, तब्येतीचं काही? काही नाही, म्हणालो. तसं ते खोटंही नव्हतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हा फरक मला चांगला ठाऊक होता. मुलगी आवडली होती. तपासणीचं नाव काढलं असतं तर ‘पोरात खोट आहे’ ही बातमी आमच्या आधी आमच्या घराकडं, छावणी भागात पोचली असती. पत्रिका जुळली, लग्न झालं.

लेक झाली. पाच-सहा महिने गुटगुटीत, मग पांढरी पडत गेली. का, ते मी दरवर्षी बारावीला शिकवतो. जनुकावरचा मजकूर उतरवून घेतला जातो आणि त्याबरहुकूम पेशी प्रथिन बांधते. पण सगळी जनुकं सदा चालू नसतात. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन बनवायला जे जनुक लागतं, ते जन्मानंतर हळूहळू बंद होतं आणि दुसरं कामाला लागतं. आमच्या लेकीत त्या दुसऱ्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या. एक आईकडून, एक माझ्याकडून.

आम्हा दोघांचं रक्त तपासलं तेव्हा, पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून मी डॉक्टरांसमोर बसलो होतो.

आता ती स्वतः बारावीत आहे. दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. ती त्याला सर्व्हिसिंग म्हणते. मागच्या खेपेला पिशवी लागलेली असताना मी शिकवतो तोच धडा वाचत होती.

“पप्पा, पहिलं जनुक चांगलं चाललं होतं की. ते बंद करायची काय घाई होती?”

तेच पुन्हा उघडायच्या मागं शास्त्रज्ञ आहेत, असं काहीतरी मी बोललो.

शेजारच्या खाटेवर अजिंठ्याकडची एक बाई, मांडीवर बाळ. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून रडत होती. माझी बायको उठून तिच्याजवळ गेली. प्रत्येक नव्या आईजवळ ती अशीच जाऊन बसते.

“ताई, आम्हाला तरी कुठं माहीत होतं? आमचे हे तर कॉलेजात हेच शिकवतात. माहीत असतं तर तपासल्याशिवाय राहिले असते का?”

त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

पुढच्या खेपेला बायको पुन्हा कुणाजवळ तरी बसेल आणि हेच सांगेल. त्याआधी मला तिला खरं सांगायचं आहे. तेवढं मी तिचं देणं लागतो, आणि लेकीचंही.